कात्रणांचा कोट

ही हकीगत मी घरात इतक्यांदा सांगितली आहे की भाचरं आता माझ्याआधीच हसायला लागतात. आणि दर वेळी मी रंगात आलो की बायको स्वयंपाकघरातून म्हणते, "यांनी काही पाहिलं नाही बरं का. यांचा चष्मा त्या पोरीच्या नाकावर होता."

ते खरं आहे. माझ्या चष्म्याच्या काचा तेव्हाही बाटलीच्या बुडासारख्या होत्या. चष्म्याशिवाय मला माणूस आणि खांब यांतला फरक तो बोलल्यावरच कळतो. म्हणून पुढे जे दिसलं म्हणून येईल ते बायकोच्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि जे ऐकलं म्हणून येईल ते माझ्या कानांनी, असं धरून चालावं.

नव्वदच्या जरा पुढची गोष्ट. मी मूळचा धुळ्याचा, जळगावला एका शाळेत चित्रकला शिकवायला आलेलो. अजून कायम झालो नव्हतो. दर जूनमध्ये नेमणुकीचं पत्र हातात पडेपर्यंत मी शिपायाशीसुद्धा फार गोड बोलत असे. शाळेच्या मागून, पिंप्राळ्याच्या अंगाला, एक नाला जायचा. अलीकडच्या काठावर बौद्ध कुटुंबं होती; कोणी गवंडी, कोणी हमाल, कोणी भंगार निवडणारं. पलीकडे म्हशीवाले आणि रोजानं शेतावर जाणारे. नाल्यात पाणी पावसाळ्यापुरतंच. एरवी त्यात कात्रणं असत. जळगावात तेव्हा प्लास्टिकच्या चटयांचे कारखाने जोरात निघत होते. चटईच्या कडा कापल्या की लाल, हिरव्या, जांभळ्या पट्ट्या उरत, आणि वरच्या अंगाच्या कारखान्यातून त्या सरळ नाल्यात येत. लांबून पाहिलं तर वाटे, कोणीतरी रांगोळी काढायला घेतली आणि कंटाळून सोडून दिली.

तो कारखाना नानांचा. नाना म्हणजे त्या वॉर्डाचे नगरसेवक, शिवाय आमच्या शाळेच्या कमिटीवर. एकाच माणसाला मला तीन कारणांनी नमस्कार करावा लागे, आणि मी तो मनापासून करत असे.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या सुट्टीत हेडमास्तरांनी मला बोलावलं. म्हणाले, "वस्तीतल्या मुलांसाठी पर्यावरणाचं चित्रकला शिबिर घ्या. नाना रंगपेट्या देतायत. शेवटी स्पर्धा, आणि नानांच्या हस्ते बक्षिसं." मी "हो सर" म्हणालो. जूनच्या आधी मला दुसरा शब्द येत नसे.

तीसेक पोरं आली. निम्म्याहून जास्त मुली, बारा ते सोळा वयाच्या, सकाळी भंगार निवडून किंवा शेणाच्या पाट्या टाकून आलेल्या. मी फळ्यावर नमुना काढून दाखवला. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, झोपडी आणि नारळाचं झाड. घरी बायकोला मोठ्या कौतुकानं सांगितलं. ती असोद्याची, केळीच्या बागेत वाढलेली. म्हणाली, "जळगावात नारळाचं झाड कुठी पाह्यलं तुम्ही? मले बी दाखवा एकदा."

मुलांनीही नारळ काढला नाही. त्यांनी नाला काढला. तीस कागदांवर तीस नाले, आणि नानांच्याच रंगपेटीतले लाल, हिरवे, जांभळे रंग पहिल्याच दिवशी संपले. एका मुलीच्या चित्रात नाल्याशेजारी घर होतं आणि घराच्या दारावर आडवी काळी रेघ.

"हे काय? निसर्ग काढायला सांगितला ना मी?"

"निसर्गच शे सर. आम्हना हाऊच शे."

"आणि ही रेघ कसली?"

तिनं रेघेवर बोट ठेवलं. "आठलोंग पाणी इनं व्हतं."

ती अलीकडच्या काठावरची, कपडे शिवणाऱ्या बाईची मुलगी. नववीची परीक्षा देऊन बसलेली. आदल्या पावसाळ्यात कात्रणांनी नाला तुंबला आणि पाणी त्यांच्या घरात शिरलं. आईचं शिलाई मशीन गंजलं. हिची पुस्तकं फुगून पावासारखी झाली. बाप गवंडी. त्यानं सांगून टाकलं होतं की औंदा पाणी घरात आलं तर इथं राहायचं नाही, बिऱ्हाड उचलून दोंडाईच्याला मामाकडे जायचं. दोंडाईच्याला मिरचीचा मोठा व्यापार. मिरच्यांची देठं खुडायला तिथं पोरींचे हात लागतच असत. मग दहावी राहिली असती ती राहिलीच असती.

हे तिनं मला रडून वगैरे सांगितलं नाही. रंगाचा ब्रश धुता धुता, वेळापत्रक सांगावं तसं सांगितलं. "सर, नाला जूनना पहिले साफ व्हवाले जोयजे," एवढंच शेवटी म्हणाली.

मी काय केलं? मी गाणं लिहिलं. 'हरितवसना वसुंधरा ही, रक्षू तिजला सारे', अशी सहा कडवी. बक्षीस समारंभात मुलींनी म्हणायची म्हणून. पहिल्या तालमीला म्हशीवाल्यांची मुलगी आली होती, पलीकडच्या काठाची पुढारी, आवाज असा की म्हैस रस्त्यात उभी राहावी. तिनं शांतपणे सहाही कडवी ऐकली आणि विचारलं, "सर, ही वसुंधरा कोन? कोनता काठनी शे?"

गाणं तिथंच राहिलं.

आता माझी चूक सांगतो. बक्षीस समारंभ नाल्याच्या काठावर मांडव घालून करायचा होता. नानांना सवड होती आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी पाच वाजता. मी ती वेळ पक्की केली, पत्रिका वाटल्या. धुळ्याच्या आमच्या घरात आखाजी म्हणजे आमरस, खापरावरच्या पोळ्या आणि दुपारची झोप. त्यापुढचं मला काही ठाऊक नव्हतं. पत्रिका बायकोच्या हातात दिली तर ती ओट्यावर बसली आणि पदर तोंडात घालून हसायला लागली. मला वाटलं, छपाईत चूक झाली.

"पाच वाजता? नाल्यावर? नानाले बोलावलं?"

"का?"

मग तिनं सांगितलं. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी पोरी गौराई बोळवायला पाण्यावर जातात, आणि दोन काठांवरच्या पोरी समोरासमोर उभ्या राहून एकमेकींना मनसोक्त शिव्या देतात. गाण्यातून, टाळ्या वाजवून, नाकडोळ्यांपासून बापजाद्यांपर्यंत. त्या दिवशी पोरींच्या तोंडाला लगाम नाही. आणि ऐकणाऱ्यानं राग धरायचा नाही. ज्यानं धरला त्याचं वर्षभर हसू होतं.

"तुला एवढं कसं माहीत?"

"मले?" ती म्हणाली. "असोद्याच्या नदीवर माह्यासमोर कोनी टिकत नव्हतं."

लग्नाला चार वर्षं झाली होती. मला वाटत होतं, मी शांत स्वभावाची मुलगी केली.

दुसऱ्या दिवशी मी घाबऱ्या घाबऱ्या वस्तीत गेलो. मुलींना म्हणालो, "या वर्षी भांडण जरा राहू द्या. निदान सकाळी उरका. मोठी माणसं येणार आहेत."

म्हशीवाल्यांची मुलगी म्हणाली, "आखाजी सकाळमा नही व्हस, सर."

मी अलीकडच्या मुलीकडे वळलो. "अगं, तुमच्याकडे तर गौराई बसतच नाही. तू तरी समजाव."

तिनं मान उडवली. "गौराई त्यासनी. शिव्या आम्हन्या."

मी हात टेकले. पण ती तशीच उभी राहिली, खाली नाल्याकडे बघत. मग पलीकडच्या मुलीला म्हणाली, "दरसाल आपन एकमेकीसना नाकले नावे ठेवतस. तुनं नाक काय नाला तुंबाडस?"

"मनं नाक सरळ शे."

"शे ना. मंग औंदा नाक सोड. मांडवकडे तोंड कर."

कात्रणांच्या ढिगावर उभं राहून त्यांचा तह झाला. तहाला साक्षीदार एक मी आणि एक कुत्रं, आणि दोघांनाही कोणी विचारलं नाही.

पुढचे आठ दिवस शिबिर माझं राहिलं नाही. आखाजीला एका मुलीनं साहेबाचं सोंग घ्यायचं, कोट, टोपी, हातात वही, अशी तिथली रीत. यंदा साहेबाचा कोट नाल्यातूनच काढायचा, असं ठरलं. भंगार निवडणारी पोरं कात्रणं रंगांप्रमाणे वेगळी करून देत, मुली ती हापशावर धूत आणि वेण्या घालत. मी कोटाचं रीतसर चित्र काढून दिलं होतं, मापांसकट. त्यावर त्यांनी भेळ खाल्ली. बायको रोज दुपारी येऊ लागली. वेण्या कशा जोडायच्या ते दाखवायला, असं ती म्हणे. प्रत्यक्षात शिव्यांची तालीम ती घेत होती. "असं नही व," तिचा आवाज यायचा. "पह्यले हसवाचं, मंग मारायचं. पह्यलेच मारलं तं मानूस पयून जातो."

शिलाईवाल्या आईनं गंजलेलं मशीन तेल पाजून कसंबसं चालतं केलं आणि कोटाला खांदे बसवले. बाटल्यांची बुचं बटणं झाली, केळीच्या वाळल्या सोपटाची टोपी झाली. बाप दारात विडी ओढत बसलेला असे. एकदा मला म्हणाला, "मास्तर, कोट घालून पाणी थांबतं का?"

मुलगी आतूनच ओरडली, "न घालता थांबनं व्हतं का?"

आखाजीचा दुसरा दिवस. पाच वाजले. मांडवात हेडमास्तर, कमिटीची चार माणसं आणि पांढऱ्या शुभ्र कपड्यांत नाना. दोन्ही काठ माणसांनी भरलेले. मी हार घेऊन उभा. तेवढ्यात मांडवामागून मला कोणीतरी ओढलं. शिलाईवालीची मुलगी कोट घालून उभी होती. त्या कोटातून नाल्याचा वास काही गेला नव्हता.

"सर, चष्मा द्या."

"काय?"

"साहेब बिगरचष्माना ऱ्हास का?"

माझ्या डोळ्यांसमोर जूनचं पत्र आलं. मग तिनंच हात पुढे करून चष्मा काढला, आणि पत्र, नाना, मांडव, सगळंच पुसट झालं. मी देऊन टाकला असं मी भाचरांना सांगतो. बायको म्हणते, यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

आधी टाळ्यांचा आवाज आला, दोन्ही काठांवरून एकाच वेळी. दरवर्षी ते आवाज एकमेकांवर आदळत. यंदा एकत्र आले. सुरुवात गोडीची:

"नाना आम्हना मोठा, त्यानी टोपी पांढरी,
आम्हना नाला पहावाले इना आम्हना घरी!"

नाना हसले. ते मला ऐकू आलं. मग म्हशीवाल्यांच्या मुलीचा आवाज चढला:

"नाना, तुम्हना कारखाना भारी,
त्याना कचरा आम्हना दारी!
नानाना ओटावर नवी चटई,
आम्हना चुल्हामा नाला शे बाई!"

दोन्ही काठांवर हशा फुटला. बायको सांगते, साहेब झालेली मुलगी वही उघडून नाल्यातून चालत आली. पायाखालचं एकेक कात्रण उचलून ती विचारत होती, "हाई लाल कोनी? नानानी. हाई हिरवी कोनी? नानानी." आणि दर वेळी सगळा काठ ओरडत होता, "नानानी!" काठावरच्या म्हाताऱ्या बायासुद्धा. माझ्या शेजारी हेडमास्तर पुटपुटत होते, "थांबवा. कोणीतरी थांबवा." मला दिसत नव्हतं, म्हणून मी थांबवू शकलो नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या डोळ्यांचा मला उपयोग झाला.

ती मांडवापर्यंत आली. कोट काढला. "नाना, तुम्हना माल शे. घाला," म्हणाली.

नाना जन्मानं तिथलेच. राग धरला तर काय होतं हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. त्यांनी कोट घातला. पांढऱ्या कपड्यांवर.

"नाला कव्हय साफ व्हई?"

"पाहू."

"पाहू नका, नाना. सांगा."

"आठ दिवसात," नाना म्हणाले आणि हसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बक्षिसं वाटायची राहूनच गेली.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती इतक्यांदा सांगितली नसती. आठ दिवस गेले. कोणी आलं नाही. उलट वरून दोन गाड्या कात्रणं जास्त आली. मला हेडमास्तरांनी बोलावलं.

"चष्मा तुमचाच होता ना?"

"हो सर."

"नाना विचारत होते, विचारही तुमचेच होते का."

मला म्हणायचं होतं, हो. पण विचार खरोखरच माझे नव्हते. मी लिहिलेलं ते वसुंधरेचं गाणं होतं. मी म्हणालो, "विचार मुलींचे होते, सर. चष्मा माझा होता. पुन्हा मागितला तर पुन्हा देईन." आवाज शेळीसारखा निघाला, पण निघाला.

त्याच दिवशी मुली नानांच्या घरी गेल्या. नाना फाटकात आले. "आखाजी सरनी ना आता, पोरीहो? जा घरी."

"नाला साफ व्हयना का?" शिलाईवालीची मुलगी म्हणाली.

"नही."

"मंग आखाजी बी सरनी नही."

आणि आखाजीच्या दिवशी नाना मांडवातच टाकून गेलेला तो कोट तिनं फाटकाला अडकवला.

दुसऱ्या दिवशी फाटकावर दुसरा कोट होता. तिसऱ्या दिवशी तिसरा. दोन्ही काठांच्या पोरी दुपारभर वेण्या घालत आणि सकाळी जाऊन अडकवून येत. नानांचा गडी काढून फेके. कात्रणांची वाण कुठे होती? नानाच पुरवत होते. मोठे कोट संपले तशी त्यांनी फाटकाच्या खांबांना कोट केले, स्कूटरला केला, एक तर नानांच्या कुत्र्याच्या मापाचा होता आणि त्याला बटणं बरोबर बसली होती. पानटपरीवर लोक विचारायला लागले, "नाना, आज कोणता कोट?" कापड बाजारात कोणीतरी म्हणे त्यांना बसायला चटई दिली आणि सगळं दुकान हसलं. नाना रागावले असते तर एक वेळ निभावलं असतं. पण रागावायची सोय नव्हती आणि हसून हसून त्यांचे गाल दुखत असणार.

दहाव्या दिवशी ट्रॅक्टर आला. त्यानं नाला साफ केला तो नानांच्या कारखान्याच्या भिंतीपासून शाळेच्या कोपऱ्यापर्यंत, म्हणजे वस्तीच्या अलीकडेच थांबला. तेव्हा कोणी गाणं म्हटलं नाही. दोन्ही काठांची माणसं फावडी, टोपल्या, म्हशीच्या गोठ्यातली घमेली घेऊन खाली उतरली आणि उरलेला नाला पाच दिवसांत उपसला. त्या गवंड्यानं, विडी बाजूला ठेवून, कारखान्याच्या तोंडाशी जाळी बसवली. नानांना विचारलं नाही. मीही घमेलं उचललं. तिसऱ्या खेपेला कंबर धरली आणि म्हशीवाल्यांच्या मुलीनं मला सावलीत नेऊन बसवलं. "सर, तुम्ही चित्र काढा," ती म्हणाली. "नारळनं काढा."

जुलैत एक दिवस पाऊस उघडेना. दुपारी मी छत्री घेऊन नाल्यावर गेलो. पाणी दोन्ही काठांना लागून धावत होतं, गढूळ, पण धावत होतं. शिलाईवाल्यांच्या घरात बिऱ्हाड बांधून तयार होतं. ट्रंकेला दोरी, गादीची वळकटी. बाप दारात उभा राहून पाण्याकडे बघत होता. पाणी उंबऱ्याच्या खालच्या विटेपर्यंत आलं. तिथं थांबलं. बराच वेळ तिथंच होतं. मग एक बोट उतरलं.

मुलीनं आतून रंगपेटी आणली, नानांनी दिलेली. तीत फक्त पिवळा उरला होता. तिनं विटेवर पाण्याच्या कडेशी पिवळी रेघ मारली. वर दारावर गेल्या वर्षीचा काळा ओरखडा होता. बापानं दोन्ही रेघा पाहिल्या, तिच्याकडे पाहिलं आणि ट्रंकेची दोरी सोडायला बसला. गाठ पक्की होती. तिनं दातांनी सोडवली.

ती दहावीला शाळेत आली. मला नेमणुकीचं पत्र त्या वर्षी जूनमध्ये मिळालं नाही, ऑगस्टमध्ये मिळालं, आणि तोवर मी शिपायाशी साध्या आवाजात बोलायला शिकलो होतो.

पुढल्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशी, आमरसानं डोळे जड झालेले असताना, दारावर थाप पडली. दोघी उभ्या होत्या, दोन काठांच्या. नाला तेव्हा बरा होता. मग आता पाळी कोणाची, हे मी विचारणार होतो. पण बायको मागून येऊन चप्पल घालत होती.

"सर, चष्मा," शिलाईवालीची मुलगी म्हणाली.

मी काढून दिला. त्या वर्षीही मला काही दिसलं नाही.